हात हलण्यापूर्वीं

मनुष्याचा हात पाण्याच्या पेल्याकडे जातो, ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं, तींत विचार करण्यासारखें कांहीं असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तहान लागते, मनांत येतें, हात पुढें होतो. परंतु ‘मनांत येतें’ आणि ‘हात पुढें होतो’ या दोहोंच्या मध्यें काय घडतें असें विचारूं लागलें म्हणजे भल्याभल्यांची मति कुंठित होते. आपल्या पूर्वजांनीं या दोहोंत भेद केला होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. धर्मकृत्याच्या आरंभीं यजमान तळहातावर पाणी घेऊन संकल्प उच्चारतो आणि तें पाणी ताम्हनांत सोडतो; कृति त्यानंतर सुरू होते. संकल्प ही कृतीहून निराळी आणि तिच्या आधींची वस्तु आहे, हें या विधींत गृहीत धरलेलें आहे. या संकल्पाला शरीरांत कांहीं ठिकाण आहे काय? असल्यास तो तेथें कोणास वाचतां येईल काय? आणि हात कायमचा लुळा पडला तरी तो शिल्लक राहतो काय? या तीन प्रश्नांचीं उत्तरें शोधण्यांत पाश्चात्य शास्त्रज्ञांचीं सुमारें दीडशें वर्षें गेलीं. त्या शोधाचा इतिहास नुसत्या यंत्रांचा इतिहास नाहीं. त्यांत माणसांचा धीर आहे, माणसांचा अपराध आहे, आणि अद्यापि न सुटलेला एक प्रश्नहि आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या विषयांत फ्रान्समधील फ्लूरांस याचें मत प्रमाण मानलें जात असे. मोठ्या मेंदूचा पृष्ठभाग हें बुद्धि, इच्छा व संवेदना यांचें अविभक्त स्थान असून, त्याला डिवचलें तरी स्नायु हालत नाहींत; तेव्हां हालचालीचा उगम इतरत्र शोधावा, असें तो सांगे. या मतास पहिला धक्का बसला तो रुग्णाच्या खाटेपाशीं. लंडन येथील वैद्य ह्यूलिंग्ज जॅक्सन यास अपस्माराच्या कांहीं रोग्यांत असें दिसलें कीं, झटका अंगठ्यांत किंवा बोटांत सुरू होतो आणि मग मनगट, कोपर, खांदा अशा ठराविक क्रमानें वर चढत जातो. पूर कोणत्या गांवीं आधीं आला व कोणत्या गांवीं मागाहून, यावरून नदीची वाट ताडावी, तसें या क्रमावरून त्यानें ताडलें कीं, मेंदूच्या पृष्ठावर शरीराच्या अवयवांची कांहीं तरी मांडणी असली पाहिजे.

प्रत्यक्ष पुरावा १८७० सालीं बर्लिनमध्यें मिळाला. गुस्ताव्ह फ्रिट्श व एडुआर्ड हिट्झिग या दोघां तरुण वैद्यांनीं कुत्र्याच्या मेंदूच्या पुढील भागावर सौम्य विद्युत्प्रवाह सोडला, तों विरुद्ध बाजूचा पाय हालला. जागा किंचित् बदलली कीं दुसराच स्नायु हाले. विद्यापीठांत सोय न झाल्यामुळें हे प्रयोग हिट्झिगच्या राहत्या घरीं झाले, असें सांगतात. लवकरच इंग्लंडांत डेव्हिड फेरियर यानें माकडांवर असेच प्रयोग करून हा नकाशा पुष्कळ तपशिलानें काढला. तथापि वाद मिटला नव्हता. १८८१ सालीं लंडन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेंत दोन्ही पक्ष समोरासमोर आले. स्ट्रासबुर्गचा गोल्ट्झ यानें मेंदूचा मोठा भाग काढलेला, तरीहि चालणारा फिरणारा कुत्रा पुढें केला. फेरियरनें एक माकड आणलें; त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्धांतील ठराविक भाग पूर्वीं शस्त्रक्रियेनें काढलेला होता आणि त्याचें उजवें अंग पक्षाघात झालेल्या माणसासारखें लुळें पडलें होतें. तें पाहून पॅरिसचा थोर वैद्य शार्को याच्या तोंडून, हा तर रुग्णच आहे, अशा अर्थाचे उद्गार निघाले. परिषदेनें फेरियरच्या बाजूनें कौल दिला; पण त्याच वर्षीं प्राण्यांच्या छळास आळा घालणाऱ्या कायद्याखालीं त्याच्यावर फिर्यादहि झाली. शस्त्रक्रिया परवाना असलेल्या सहकाऱ्यानें केली होती असें सिद्ध झाल्यामुळें तो सुटला.

प्राण्यांविषयीं समाजानें दाखविलेली ही जागरूकता माणसाच्या बाबतींत मात्र आधींच एकदां ढळली होती. १८७४ सालीं अमेरिकेंतील सिन्सिनाटी शहरीं रॉबर्ट्स बार्थोलो या वैद्याकडे एक स्त्री आली. कर्करोगाच्या व्रणानें तिच्या कवटीचें हाड झडून मेंदू उघडा पडला होता. बार्थोलोनें त्यांत सुया घालून विद्युत्प्रवाह सोडला. विरुद्ध बाजूचे हातपाय हालले. त्यानें प्रवाह वाढविला. तिला मोठा झटका आला, आणि कांहीं दिवसांनीं ती मरण पावली. मनुष्याचा मेंदूहि विजेला प्रतिसाद देतो हें सिद्ध झालें. परंतु तें ज्या रीतीनें सिद्ध झालें तिचा वैद्यकीय जगानें निषेध केला, आणि खुद्द बार्थोलोलाहि जाहीर खेद व्यक्त करावा लागला. पुढें जें कांहीं चांगलें या शास्त्रांत घडलें तें वाचतांना ही अभागी स्त्री आपण विसरतां कामा नये.

हेंच कार्य माणुसकीनें कसें करतां येतें, हें कॅनडांतील माँट्रियल येथें वाइल्डर पेनफील्ड यानें दाखविलें. अपस्मारावर शस्त्रक्रिया करतांना तो रोग्यास पूर्ण बेशुद्ध करीत नसे. केवळ डोक्याची कातडी बधिर करून, रोग्याशीं बोलत बोलत, तो मेंदूच्या पृष्ठावर हलकासा प्रवाह सोडी. हेतु असा कीं, कापतांना बोलण्याचा किंवा हाताचा भाग दुखावला जाऊं नये. १९३७ सालीं त्यानें एडविन बोल्ड्री याच्यासह या अनुभवांवर आधारलेला नकाशा प्रसिद्ध केला. त्या नकाशांत खांदा व धड यांच्या वांट्यास थोडीशी जागा, तर हात, बोटें, ओठ व जीभ यांना मोठी वतनें मिळालीं आहेत. परंतु या सर्वांपेक्षां मोलाची गोष्ट रोग्यांच्या तोंडून बाहेर पडली. हात हालला कीं ते म्हणत, हें मीं केलें नाहीं, डॉक्टर, तुम्ही करविलें! विजेनें हात हालला. पण संकल्प झाला नाहीं. म्हणजे बाहेरून आज्ञा देण्याचा मार्ग सांपडला होता, आंतील आज्ञा ऐकण्याचा मार्ग अद्यापि शोधावयाचा होता.

ऐकण्याची विद्या निराळ्या वाटेनें आली. लिव्हरपूल येथील रिचर्ड केटन यानें १८७५ सालींच प्राण्यांच्या मेंदूंत क्षीण विद्युत्प्रवाह असल्याचें सांगितलें होतें. जर्मनींतील येना येथील हान्स बर्गर यानें १९२४ सालीं मनुष्याच्या डोक्यावरून हे तरंग टिपले आणि १९२९ सालीं तें वृत्त प्रसिद्ध केलें. परंतु कवटीवरून मेंदू ऐकणें हें लग्नघराबाहेर उभें राहून आंतील गलबला ऐकण्यासारखें आहे. घाई आहे कीं शांतता आहे तें कळतें. कोण कोणास काय सांगतो तें कळत नाहीं. त्यासाठीं घरांत शिरून एकेकाच्या जवळ कान न्यावा लागतो. केंब्रिजचा एड्रियन यानें एकेका मज्जातंतूचें बोलणें ऐकून दाखविलें कीं, त्यांतील प्रत्येक स्पंद सारख्याच जोराचा असतो, आणि कमीअधिक असा भेद करावयाचा तो फक्त स्पंदांच्या संख्येनें. १९३२ सालचें नोबेल पारितोषिक त्याला व शेरिंग्टनला मिळून देण्यांत आलें. पुढें १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत एडवर्ड ईव्हार्ट्स यानें जाग्या व काम करीत असलेल्या माकडाच्या मेंदूंत केसाहून बारीक तार बसवून एकेका पेशीचे स्पंद मोजले. स्नायु हालण्यापूर्वीं, सेकंदाचा अल्पसा अंश आधीं, त्या पेशी बोलूं लागत. आज्ञा आणि अंमलबजावणी यांच्या मधली ती फट प्रथमच मोजली गेली.

येथून पुढचा भाग समजण्यास आपल्या इतिहाससंशोधनांतील एक दाखला उपयोगी पडेल. १८३० नंतरच्या दशकांत जेम्स प्रिन्सेप प्रभृति विद्वानांनीं खरोष्ठी लिपि वाचली ती कशाच्या बळावर? यवन राजांच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक व दुसऱ्या बाजूस खरोष्ठी अक्षरें होतीं. ग्रीक वाचतां येत होतें; राजाचें नांव एकच असणार; तेव्हां अज्ञात बाजू ज्ञात बाजूशीं ताडून पाहतां आली. मेंदूच्या लिपीचें वाचनहि असेंच झालें. ज्ञात बाजू म्हणजे डोळ्यांना दिसणारी हाताची हालचाल, आणि अज्ञात बाजू म्हणजे पेशींचे स्पंद. जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठांत अपोस्टोलोस जॉर्गोपुलस व त्याचे सहकारी यांनीं १९८२ सालीं जो प्रयोग प्रसिद्ध केला तो या दृष्टीनें पाहावा. माकडाच्या हातीं एक दांडा दिला होता. मध्यबिंदूपासून आठ दिशांस आठ दिवे. जो लागेल तिकडे त्यानें दांडा न्यावयाचा. असें करतांना एकेका पेशीचे स्पंद मोजले तेव्हां दिसून आलें कीं, सुमारें तीन चतुर्थांश पेशींना प्रत्येकी एक आवडती दिशा आहे. हात त्या दिशेस निघाला कीं ती पेशी सर्वांत अधिक बोलते. दिशा जसजशी दूर जाते तसतसें तिचें बोलणें क्रमाक्रमानें मंदावतें.

येथें एक अडचण होती. एकटी पेशी कांहीं नक्की सांगत नाहीं; तिचें मध्यम बोलणें दोन निरनिराळ्या दिशांना सारखेंच लागू पडतें. यावर जॉर्गोपुलसनें तोड काढली. अनेक गडी एकाच गांठीला आपापले दोर बांधून आपापल्या दिशेस ओढीत आहेत अशी कल्पना करावी. प्रत्येकाची दिशा ठरलेली, जोर मात्र क्षणोक्षणीं कमीअधिक. गांठ ज्या बाजूस सरकेल ती सर्वांची मिळून झालेली दिशा. शेंकडों पेशींच्या स्पंदांची अशी बेरीज केली तेव्हां निघालेली दिशा हाताच्या खऱ्या दिशेशीं सुरेख जुळली. १९८९ सालीं या मंडळींनीं त्याहून विलक्षण गोष्ट दाखविली. या वेळीं माकडास असें शिकविलें होतें कीं, दिव्याची विशिष्ट खूण दिसल्यास हात दिव्याकडे न नेतां काटकोनांतील दुसऱ्या दिशेस न्यावयाचा. दिवा लागल्यावर पेशींची बेरीज आधीं दिव्याच्या दिशेस झुकली, आणि मग हळूहळू वळत वळत योग्य दिशेस जाऊन स्थिरावली. हात या सर्व वेळांत निश्चलच होता. संकल्प तयार होत असतांना मनुष्यानें तो बाहेरून पाहिला, असें म्हटलें तर तें फारसें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

दरम्यान दुसऱ्या एका प्रयोगानें या विषयास निराळें वळण दिलें होतें. एबरहार्ड फेट्झ यानें १९६९ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, एखाद्या पेशीचे स्पंद वाढले कीं खाऊ मिळतो अशी योजना केली, तर माकड ती पेशी मुद्दाम अधिक बोलती करावयास शिकतें. म्हणजे वाचणारा शिकतो तसा वाचला जाणाराहि शिकतो. नाण्यावरील अक्षरें संशोधकाच्या सोयीसाठीं आपलें वळण सुधारीत नाहींत, मेंदू सुधारतो! १९९९ सालीं चेपिन, निकोलेलिस प्रभृतींनीं उंदरांस दांडा दाबून यंत्राच्या हातानें पाणी आणावयास शिकविलें, आणि मग दांड्याचा संबंध तोडून तो यंत्राचा हात मेंदूच्या स्पंदांवर चालविला. कांहीं उंदरांनीं पुढें पंजा हालविणेंच सोडून दिलें. २००८ सालीं पिट्सबर्ग येथें अँड्र्यू श्वार्ट्झ याच्या प्रयोगशाळेंतील माकडें स्वतःचे हात अडकवून ठेवलेले असतां, यंत्राच्या हातानें खाऊ उचलून तोंडांत घालूं लागलीं.

आतां तिसरा प्रश्न, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा. ज्याचा पृष्ठरज्जु तुटला आहे, ज्याचा हात वर्षानुवर्षें निर्जीव पडला आहे, त्याच्या मेंदूंत हाताचा संकल्प राहतो काय? वापरांत नसलेली विहीर गाळानें भरते, त्याप्रमाणें तो भागहि निकामी होत असेल, अशी शंका येणें स्वाभाविक होतें. शिवाय येथें नाण्याची ग्रीक बाजूच पुसली गेलेली. हात हालतच नाहीं, मग ताडून पाहावयाचें कशाशीं? २००४ सालीं अमेरिकेंत मानेखालीं लुळ्या पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूंत चार मिलिमीटर चौरसाची, ९६ सूक्ष्म सुयांची चकती बसविण्यांत आली. पडद्यावर फिरणाऱ्या बिंदूमागून आपला हात जात आहे अशी कल्पना कर, असें त्यास सांगितलें. कल्पना हीच ग्रीक बाजू ठरली. दुखापतीस तीन वर्षें होऊन गेलीं होतीं, तरी पेशी पूर्ववत् बोलत होत्या! जॉन डोनाह्यू, ली हॉकबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्ताप्रमाणें, तो तरुण केवळ इच्छेनें पडद्यावरील दर्शक हालवूं शके, विजेवर चालणारा कृत्रिम पंजा उघडमीट करूं शके, आणि हें करीत असतां शेजारच्या माणसाशीं गप्पाहि मारूं शके.

२०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या वृत्तान्तांत एका स्त्रीची हकीकत आहे. पक्षाघातानें सुमारें पंधरा वर्षें तिचे हातपाय व वाचा हीं सर्व गेलीं होतीं. तिनें यंत्राचा हात आपल्या संकल्पानें पुढें नेऊन कॉफीची बाटली उचलली, नळीनें घोट घेतला आणि बाटली परत टेबलावर ठेविली. सहा वेळां प्रयत्न केला. चार वेळां साधला. मनांत मांडे खाणें ही आपल्याकडे चेष्टेची गोष्ट आहे. परंतु मनानें कॉफी पिणें हें या बाईनें खरें करून दाखविलें. तो घोट केवढा मोलाचा असेल, हें ज्याच्या घरीं वर्षानुवर्षें अंथरुणास खिळलेलें माणूस आहे आणि ज्यानें त्यास चमच्यानें भरविलें आहे, त्यासच कळेल. २०२१ सालीं स्टॅनफर्ड येथें फ्रान्सिस विलेट, कृष्ण शेणॉय, जेमी हेंडरसन प्रभृतींनीं त्याहि पुढची मजल मारली. हात लुळे पडलेल्या एका गृहस्थानें कागदावर अक्षरें काढण्याची कल्पना करावयाची आणि यंत्रानें ती अक्षरें मेंदूंतून वाचावयाचीं. मिनिटास सुमारें ९० अक्षरें या वेगानें तें लेखन साधलें. हातास अक्षर गिरविण्याची आठवण असते असें आपण म्हणतों. ती आठवण वस्तुतः हातांत नसते, हें यावरून उघड झालें. त्याच वर्षीं पिट्सबर्ग येथें यंत्राच्या बोटांना होणारा स्पर्श विजेच्या द्वारें मेंदूपर्यंत पोंचविण्यांत आला, तेव्हां वस्तु उचलून ठेवण्यास लागणारा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला. आपण हातानें नुसतें करीत नाहीं, हातानें जाणतोंहि.

हें सारें वाचून मनुष्याचें मन आतां उघडें पुस्तक झालें असें जर कोणी म्हणूं लागेल, तर तो दोन गोष्टींची गल्लत करीत आहे. वाचतां येणें निराळें आणि समजणें निराळें. जुन्या दफ्तरांतील मोडी झरझर वाचणाऱ्या कारकुनास त्यांतील प्रत्येक फारसी शब्दाचा अर्थ ठाऊक असतोच असें नाहीं. ईव्हार्ट्सला वाटलें कीं पेशी स्नायूंनीं लावावयाचा जोर सांगतात. जॉर्गोपुलसला वाटलें कीं त्या दिशा सांगतात. त्यानंतर दोन्ही मतांवर आक्षेप आले, आणि तो वाद अजून पुरता मिटलेला नाहीं. पण वाद चालू असतांनाच कॉफीची बाटली उचलली गेली. शिवाय जें वाचलें जातें तें हात कोणीकडे न्यावा एवढेंच. कां न्यावा, हें त्यांत नाहीं. पेला स्वतःसाठीं उचलावयाचा कीं पाहुण्यासाठीं, हें त्या वाचनांतून कळत नाहीं. फ्रान्समधील शास्त्रज्ञांनीं २००९ सालीं मात्र एक विचार करावयास लावणारी गोष्ट नमूद केली. शस्त्रक्रियेच्या वेळीं जाग्या असलेल्या कांहीं रोग्यांच्या मेंदूच्या मागील बाजूच्या एका भागास विजेनें चेतविलें असतां त्यांना हात अगर ओठ हालविण्याची इच्छा झाली. प्रवाह वाढविला तेव्हां, स्नायु मुळींच हालला नसतांहि, आपण हालचाल केली असें त्यांस वाटलें. पेनफील्डच्या रोग्यांच्या अनुभवाची ही बरोबर उलट बाजू आहे. तेथें कृति होती, संकल्प नव्हता. येथें संकल्प आहे, कृति नाहीं.

म्हणूनच या विद्येच्या मालकीचा प्रश्न आज उभा राहिला आहे. चिली देशानें २०२१ सालीं आपल्या राज्यघटनेंत दुरुस्ती करून मेंदूच्या व्यापाराला व त्यांतून मिळणाऱ्या माहितीला संरक्षण दिलें. २०२४ च्या जानेवारींत न्यूरालिंक या खासगी कंपनीनें असें यंत्र प्रथमच एका मनुष्याच्या मेंदूंत बसविलें. म्हणजे विद्यापीठांच्या अंगणांतून ही विद्या बाजारपेठेंत आली. बाजारास माझा सरसकट विरोध नाहीं. चष्माहि बाजारांतूनच घरोघर पोंचला. पण चष्मा हरवला तर दुसरा घेतां येतो. मेंदूंत बसविलेल्या सुयांभोंवतीं कालांतरानें व्रणासारखें पटल धरतें, त्यांचें ऐकणें मंद होतें. प्रयोग संपला, पैसा संपला किंवा कंपनी बुडाली, तर परत मिळालेला हात पुन्हां जाण्याचें दुःख त्या रोग्याच्या वांट्यास येतें. पहिल्यानें हात जाणें हा दैवाचा घाला म्हणतां येईल. दुसऱ्यानें जाणें हें माणसांच्या हिशेबाचें फळ असेल.

या इतिहासाकडे पाहतां एक गोष्ट मनावर ठसते. या विद्येची प्रगति यंत्रें सुधारल्यामुळें झाली हें खरेंच. परंतु तिची योग्यता ठरली ती रोग्यास आपण कोण समजतों यावरून. सिन्सिनाटीच्या त्या स्त्रीस साधन मानलें गेलें, आणि जें ज्ञान मिळालें तें लांच्छनासह मिळालें. माँट्रियलच्या रोग्यांशीं वैद्य बोलत राहिला, म्हणून ‘हें मीं केलें नाहीं’ हें लाखमोलाचें वाक्य शास्त्रास मिळालें. अलीकडच्या प्रयोगांत तर रोगी हा सहकारीच झाला आहे. त्यानें कल्पना केली नाहीं, रोज तासन् तास कंटाळा गिळून सराव केला नाहीं, तर सर्वांत महागडें यंत्रहि मुकें राहील. यापैकीं बहुतेकांना ठाऊक होतें कीं, या प्रयोगापासून आपला स्वतःचा हात कांहीं परत मिळावयाचा नाहीं. मिळालाच तर तो पुढें येणाऱ्या कोणा अनोळखी माणसास मिळेल. ज्या हातांनीं त्यांस कांहींच देतां येत नव्हतें, त्या हातांच्या नुसत्या संकल्पानें त्यांनीं हें दान केलें आहे. त्या दानाचा विनियोग आपण कसा करतों, यावरच या विद्येची परीक्षा व्हावयाची आहे.